मदत हवी आहे: टूडी एक्स-वाय मॉडेलमध्ये स्पेसिफिक हीटला दोन उंचवटे येतायत, पुस्तकात एकच आहे

अबोली (धागाकर्ती)

नमस्कार. एमएस्सी फिजिक्स भाग २, प्रोजेक्ट. टूडी एक्स-वाय मॉडेलचं (चौकोनी जाळीच्या प्रत्येक जागी एक स्पिन, म्हणजे प्रतलात कोणत्याही कोनात वळू शकणारा छोटा बाण) मॉन्टे कार्लो, म्हणजे यादृच्छिक आकड्यांवर चालणारं सिम्युलेशन, करतेय. तीन आठवडे एकाच ठिकाणी अडकलेय आणि शुक्रवारी मॅडमना आलेख दाखवायचाय.

स्पेसिफिक हीट विरुद्ध तापमान काढलं की दोन उंचवटे येतात. एक ०.६ च्या जवळ, दुसरा १ च्या जरा पुढे. जिथे बघावं तिथे एकच असतो. आणि तो कोस्टरलिट्झ-थाउलेस संक्रमणाच्या, म्हणजे अवस्था बदलण्याच्या, तापमानावर, ०.८९ वर यायला हवा ना? माझा एकही तिथे नाही. प्रोग्रॅम तीन वेळा पहिल्यापासून लिहिला, तिन्ही वेळा तेच. याच पद्धतीने आयझिंग मॉडेल (स्पिन फक्त वर किंवा खाली) केलं होतं तेव्हा २.२७ ला छान टोक आलं होतं.

चूक कुठे आहे तेवढं सांगा, प्लीज. थिअरी नको, ती वाचून झालीय.

चौकट

जाळी किती बाय किती? कडा जोडलेल्या की मोकळ्या? अल्गोरिदम कोणता? समतोल येईपर्यंत किती स्वीप (साऱ्या जाळीवरून एकेक फेरी) टाकून दिले? स्पेसिफिक हीट ऊर्जेच्या चढउतारांवरून काढताय की ऊर्जेचा उतार घेऊन? यातलं काहीच लिहिलेलं नाही. चूक शोधायची तर कशात शोधायची?

अबोली

१६, ३२, ६४. कडा जोडलेल्या, त्या असतातच ना. मेट्रोपोलिस. १०,००० स्वीप टाकून दिले, ५०,००० वर मोजलं. चढउतारांवरून. तिन्ही जाळ्यांना दोन्ही उंचवटे जवळपास त्याच जागी आणि तेवढ्याच उंचीचे येतात.

मोहरी

मेट्रोपोलिस लिहिलंत तिथेच दुखणं सापडलं. संक्रमणाजवळ एकेक स्पिन हलवत बसलं की जाळी जुनी अवस्था सोडतच नाही. एमफिलच्या वेळी माझं अख्खं वर्ष यात गेलंय, म्हणून कळकळीने सांगते. १९८९ चा वोल्फचा क्लस्टर अल्गोरिदम लिहा. चाळीस-पन्नास ओळी होतात. एक आरशाची रेषा निवडायची, एका स्पिनपासून सुरुवात करून संभाव्यतेने शेजारी गोळा करत जायचं आणि सगळा पुंजका एकदम उलटवायचा. दुसरा उंचवटा नाहीसा होईल, पैज लावते.

चौकट

मोहरी, समतोल आला नसता तर १६ आणि ६४ ला एकच उत्तर आलं नसतं. १६ बाय १६ म्हणजे २५६ स्पिन. त्याला ५०,००० स्वीप भरपूर झाले. वोल्फ चांगलाच आहे, पण इथलं दुखणं वेगळं आहे.

सह्याद्रीवारा

स्पेसिफिक हीट बघूच नका. बाइंडर क्युम्युलंट काढा. चुंबकनाचा (सगळ्या स्पिनच्या बेरजेचा) चौथा घात आणि दुसऱ्या घाताचा वर्ग यांचं गुणोत्तर. तीन जाळ्यांच्या तीन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तेच संक्रमणाचं तापमान. आयझिंगला मी नेहमी हेच करतो, तिसऱ्या दशांशापर्यंत येतं.

चौकट

आयझिंगला येतं. इथे नाही. आयझिंगमध्ये क्रांतिक बिंदू (जिथे लहानमोठ्या सगळ्या आकारांचे चढउतार एकदम असतात) एकच असतो, म्हणून रेषा तिथे छेदतात आणि पुढे फाकतात. एक्स-वायमध्ये ०.८९ च्या खाली सगळीच तापमानं क्रांतिक आहेत. तिथे रेषा एकमेकींना चिकटून चालतात. कुठे चिकटल्या हे डोळ्यांनी ठरवायला गेलात तर दहा माणसं दहा आकडे सांगतील.

सह्याद्रीवारा

मी बाइंडर वापरून निघालेले पेपर वाचलेत.

चौकट

आयझिंगचे वाचले असतील. इथे उगीच वेळ जाईल तिचा.

पाटीवरचे गुरुजी

विद्यार्थिनीने मुळापासून सुरुवात करावी असं सुचवतो. फेज डायग्राम म्हणजे कोणत्या परिस्थितीत पदार्थ कोणत्या अवस्थेत असेल याचा नकाशा. पाण्याचा नकाशा घ्या. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर दाब. बर्फ, पाणी आणि वाफ यांच्या रेषा २७३.१६ केल्विन आणि सुमारे ६११ पास्कल या त्रिबिंदूवर भेटतात. पाणी-वाफेची रेषा पुढे ३७४ अंश सेल्सियस आणि २२ मेगापास्कलच्या जवळ संपते, तो क्रांतिक बिंदू. त्याच्यापुढे पाणी आणि वाफ असा भेदच उरत नाही. बर्फ-पाण्याची रेषा मात्र डावीकडे झुकते, कारण बर्फ पाण्यापेक्षा हलकं असतं. मी अकरावीला हे तीस वर्षं शिकवलं. एवढं पक्कं झालं की बाकीचं आपोआप उलगडतं.

अबोली

गुरुजी, धन्यवाद, पण हे मला येतं. माझा प्रश्न दोन उंचवट्यांचा आहे.

भोवरागती

०.८९ हा आकडा तुम्ही आणलात कुठून? एका भोवऱ्याची (ज्याच्याभोवती फेरी मारताना स्पिनचा कोन एकदा पूर्ण फिरतो) ऊर्जा पाय गुणिले जे (शेजारच्या स्पिनमधल्या जोडाची ताकद, इथे १) गुणिले जाळीच्या बाजूचा लॉगॅरिदम. तो भोवरा ठेवायला जागा बाजूच्या वर्गाइतक्या, म्हणजे एंट्रॉपी दोन गुणिले तोच लॉगॅरिदम. दोन्ही समान केलं की तापमान पाय भागिले दोन, म्हणजे १.५७. कोस्टरलिट्झ आणि थाउलेस यांचा १९७३ चा युक्तिवाद हाच आहे. दोन ओळींचं गणित आहे, स्वतः करून बघा.

जुनी फिल्म

भोवरागती, गणित बरोबर आहे, पण ते एकट्या भोवऱ्याचं आहे. खरं तर भोवरे आणि प्रतिभोवरे (उलट फिरणारे) जोडीने येतात. छोट्या जोड्या मधे लुडबुड करून मोठ्या जोड्यांमधलं आकर्षण मवाळ करतात. शिवाय स्पिनच्या साध्या लहरींमुळेही ताठरपणा (पीळ द्यायला जाळीचा होणारा विरोध) घटतो. म्हणून प्रत्यक्ष तापमान १.५७ च्या बरंच खाली, चौकोनी जाळीवर ०.८९३ येतं. अबोलीचा आकडा बरोबर आहे.

अबोली, तुमचा उजवीकडचा उंचवटा चूक नाही. १ च्या जरा पुढे, १.०४ च्या आसपास येतोय ना? तो तिथेच यायचा असतो. या संक्रमणाच्या जागी स्पेसिफिक हीटला काहीही ठळक होत नाही. उंचवटा येतो तो संक्रमण झाल्यावर, सुटे झालेले भोवरे भराभर वाढतात तेव्हा. जाळी मोठी केली तरी त्याची उंची वाढत नाही, तुम्ही स्वतःच ते वर लिहिलंय. आयझिंगची सवय झालेला प्रत्येक जण इथे टोकावर बोट ठेवतो आणि सुमारे १६ टक्क्यांनी चुकतो.

०.८९ हवं असेल तर ताठरपणा मोजा, म्हणजे हेलिसिटी मॉड्युलस. सगळ्या आडव्या जोडांच्या कोसाइनची सरासरी घ्यायची. तिच्यातून त्याच जोडांच्या साइनच्या बेरजेचा वर्ग, त्याची सरासरी, भागिले तापमान, हे वजा करायचं. दोन्ही पदं दर स्पिनमागे. त्या आलेखावर दोन भागिले पाय गुणिले तापमान ही सरळ रेष ओढा. १९७७ मध्ये नेल्सन आणि कोस्टरलिट्झ यांनी दाखवलं की अनंत जाळीत ताठरपणा नेमका त्या रेषेवरून शून्यावर कोसळतो. तुमच्या ६४ च्या जाळीत छेद जरा उजवीकडे येईल, कारण दुरुस्ती लॉगॅरिदमच्या चालीने, फार हळू मरते.

मी आयुष्यभर पातळ फिल्म्सवर काम केलं, म्हणून राहवत नाही, एक सांगतो. ही उडी नुसती कागदावरची नाही. १९७८ मध्ये कॉर्नेलला बिशप आणि रेप्पी यांनी गुंडाळलेल्या प्लास्टिकच्या पट्टीवर हेलियमचा पातळ थर बसवला आणि ती गुंडाळी पिळून झुलवली. थर अतिप्रवाही झाला की झुलण्यात भाग घेत नाही आणि आवर्तकाळ बदलतो. त्यांना मिळालेली उडी भाकिताशी जुळली: दर केल्विनमागे चौरस सेंटीमीटरला सुमारे ३.५ नॅनोग्रॅम. थराची जाडी बदलली, संक्रमणाचं तापमान बदललं, पण हे गुणोत्तर तेच राहिलं.

अबोली

अरे देवा. म्हणजे १ च्या पुढचा बरोबर आहे! सर, खूप खूप आभार, हे कुणीच सांगितलं नव्हतं. हेलिसिटी आज रात्रीच लिहिते.

पण मग ०.६ चा कसला? त्याचं काय करू?

तळ्यातमळ्यात

याच कामाला २०१६ चं नोबेल मिळालं ना? समितीतले एक सदस्य बन, बेगल आणि प्रेत्झेल घेऊन आले होते. भोकं शून्य, एक, दोन. तो व्हिडिओ बघ अबोली, लगेच समजेल.

चौकट

ती भोकं मोजायची उपमा हॉल इफेक्टच्या पूर्णांकांना जास्त लागू पडते, थाउलेसच्या दुसऱ्या कामाला. इथे मोजायचं ते भोवऱ्याभोवती एक फेरी मारताना कोन किती वेळा पूर्ण फिरला ते. पूर्णांक दोन्हीकडे आहेत, वस्तू वेगळ्या. आणि नोबेलची गोष्ट निघालीच आहे तर बेरेझिन्स्कीचं नाव घ्या. त्याने १९७१-७२ मध्येच हे सोव्हिएत संघात लिहिलं होतं. १९८० मध्ये तो गेला, म्हणून यादीत नाही.

तळ्यातमळ्यात

बरं. पण मर्मिन-वाग्नर म्हणतं की दोन मितींत असा क्रम टिकतच नाही, मग ग्राफीन (कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर) कसं काय आहे?

जुनी फिल्म

प्रश्न चांगला आहे. १९६६ चं ते प्रमेय म्हणतं की सतत फिरवता येणारी सममिती दोन मितींत, शून्याच्या वरच्या तापमानाला, आपण होऊन मोडत नाही. पण क्रम अगदी मंद गतीने विरतो. एक्स-वायचंच उदाहरण घ्या. संक्रमणाजवळ चुंबकन जाळीच्या बाजूच्या एक-अष्टमांश घाताने घटतं. १०,००० बाजूची जाळी घेतली तरी ते साधारण एक-तृतीयांशावरच येतं. हातात मावणाऱ्या तुकड्यात तो क्रम दिसणारच. ग्राफीन त्याखेरीज तिसऱ्या मितीत सुरकुततं, ते आणखी वेगळं. यावर वेगळा धागा काढा, मी येईन.

शून्यकोन

अबोली, एकच विचारतो. तापमान ०.१ ला तुझी स्पेसिफिक हीट दर स्पिनमागे किती येते?

अबोली

शून्य. ०.२ पर्यंत जवळपास शून्यच, मग वर चढते. ते बरोबरच आहे ना, तिसरा नियम.

शून्यकोन

नाही, सगळी गोम तिथेच आहे. तिसरा नियम क्वांटम पदार्थांचा. हे मॉडेल अभिजात (क्लासिकल) आहे. थंड जाळीत प्रत्येक स्पिन आपल्या जागी थोडाथोडा डुलतो, कोन सतत असल्यामुळे ते डुलणं कितीही लहान होऊ शकतं, आणि समविभाजनाच्या नियमाने दर स्पिनमागे अर्धा येतो. एक्स-वायमध्ये तापमान शून्याकडे नेलं की स्पेसिफिक हीट ०.५ वर टेकते, शून्यावर नाही. तुझ्याकडे शून्य येतंय म्हणजे तुझे स्पिन डुलू शकत नाहीत. त्यांना हलायला किमान काहीतरी ऊर्जा द्यावी लागते.

कोन कसे साठवतेस? डेसिमल आकडा की पूर्णांक?

अबोली

पूर्णांक. साइन-कोसाइन दर वेळी काढायला वेळ लागतो म्हणून तक्ता केलाय आणि कोनाच्या जागी तक्त्यातला क्रमांक ठेवते. हा तक्ता सीनिअरच्या प्रोग्रॅममधून घेतला होता, तिन्ही वेळा तोच वापरला. त्यात क्यू म्हणून आकडा आहे, तो ६ आहे. तक्त्याने उत्तर कसं बदलेल? फक्त वेग वाढवायला आहे तो.

चौकट

अबोली!! हे पहिल्या ओळीत हवं होतं.

शून्यकोन

तिला तो नुसता वेगाचा उपाय वाटला, साहजिक आहे. पण क्यू ६ म्हणजे स्पिन फक्त ०, ६०, १२०, १८०, २४० आणि ३०० अंशांकडेच बघू शकतो. हे एक्स-वाय मॉडेल नाही. हे सहा-घड्याळी मॉडेल आहे, क्लॉक मॉडेल. आणि तुझा ०.६ चा उंचवटा संपूर्ण खरा आहे.

हिशोब कर. सगळे स्पिन एका दिशेला, त्यातला एक ६० अंशांनी वळवला. प्रत्येक जोडाची ऊर्जा एक वजा अर्धा, म्हणजे अर्ध्याने वाढली. शेजारी चार, एकूण २. तापमान ०.१ असताना २ ची पायरी चढायची तर संभाव्यता ई चा वजा २० वा घात. म्हणून सगळे गोठलेले आणि स्पेसिफिक हीट शून्य. तापमान वाढलं की पायऱ्या चढणं सुरू होतं, तिथे तुझा डावा उंचवटा.

आता यातली सगळ्यात सुंदर गोष्ट. १९७७ मध्ये होसे, कॅडानॉफ, कर्कपॅट्रिक आणि नेल्सन यांनी दाखवलं की क्यू ४ पेक्षा मोठा असेल तर अवस्था दोन नसतात, तीन असतात. सगळ्यात खाली सहांपैकी एक दिशा निवडलेली, खरीखुरी शिस्त. मर्मिन-वाग्नर इथे आड येत नाही, कारण सममिती सतत नाही. सगळ्यात वर अंदाधुंदी. आणि मधल्या पट्ट्यात स्पिन पायऱ्यांवर असूनही जाळी एकूण एक्स-वायसारखी वागते, जणू पायऱ्या आहेत हेच ती विसरते. क्यू ६ ला हा पट्टा साधारण ०.७० ते ०.९० असा आहे. दोन्ही टोकं कोस्टरलिट्झ-थाउलेस जातीची. म्हणून डावीकडेही संक्रमण उंचवट्यावर नाही, त्याच्या जरा बाजूला आहे.

डोळ्यांनी बघायचं असेल तर असं कर. तीन तापमानं घे: ०.५, ०.८, १.५. प्रत्येक मोजणीला एकूण चुंबकनाचे आडवा आणि उभा असे दोन घटक लिहून ठेव आणि ठिपके मांड. १.५ ला मध्यभागी गोळा येईल. ०.८ ला कंकण येईल, पूर्ण गोल. ०.५ ला एका कोपऱ्यात ठिपका. वेगवेगळ्या सुरुवाती दिल्यास तर सहा ठिपके.

मोहरी

मग वोल्फ लावलात तर रेषा कशीही निवडू नका, आरशातून बाहेर पडलेला कोन तक्त्यातच नसेल. रेषा ३० अंशांच्या पटीतच घ्या. माझी पैज मी हरले, पण ०.८ ला कंकण पूर्ण भरायला वोल्फच उपयोगी पडेल, हे मात्र बघाच.

चौकट

मी म्हणतो तक्ता फेकून दे. प्रोजेक्ट एक्स-वायचं आहे ना? कोन डेसिमलमध्ये ठेव, शुक्रवारपर्यंत एक उंचवटा आणि हेलिसिटी घेऊन जा. विषय संपला.

जुनी फिल्म

चौकट, तुमचा सल्ला सुरक्षित आहे, पण मी तो देणार नाही. हातात आलंय ते मूळ प्रोजेक्टपेक्षा मोलाचं आहे. खऱ्या पदार्थात सतत सममिती फार क्वचित मिळते. स्फटिकाची जाळी काही ठरावीक दिशा लादतेच. त्या लादण्याने काय बदलतं आणि कोणत्या पट्ट्यात काहीच बदलत नाही, हाच तर फेज डायग्राम. दोन मितींत वितळण्याचीही चाल अशीच दोन टप्प्यांची असू शकते: घन, मग षट्कोनी दिशा टिकलेली पण जागा विसरलेली हेक्सॅटिक अवस्था, मग द्रव. आपल्याकडे कुलाब्याला टीआयएफआरमध्ये (टाटा मूलभूत संशोधन संस्थेत) मॉलिब्डेनम-जर्मेनियमच्या पातळ अतिवाहक फिल्ममधल्या भोवऱ्यांच्या जाळीत हे वितळणं बघितलं गेलंय, २०१९ मध्ये छापून आलं.

फक्त हेलिसिटीचं माझं सूत्र क्यू ६ ला जपून वापरा. त्यात कडेला अगदी सूक्ष्म पीळ दिलाय असं धरलंय, आणि ६० अंशांच्या पायरीवर सूक्ष्म पीळ देताच येत नाही. क्यू ६ ला फारसं बिघडत नाही. ५ ला यावरून बरेच वाद झालेत.

अबोली

मला रडू येतंय, पण बरं वाटतंय. मॅडमनी सुरुवातीला "याचा फेज डायग्राम काढ" असं म्हटलं होतं, आणि मला वाटलं होतं एका रेषेवर एक बिंदू, त्यात काढायचं काय. म्हणून ते इथे लिहिलंच नाही.

आता दोन्ही लावते. डेसिमल कोनांचा वेगळा आणि तक्त्याचा वेगळा.

पाटीवरचे गुरुजी

ते कंकणाचं चित्र इथे जरूर टाका. माझ्या मुलांना दाखवेन.

अबोली (तीन दिवसांनी)

डेसिमल कोन: ०.०५ ला स्पेसिफिक हीट ०.५०, नंतर हळूहळू वर, एकच उंचवटा १.०४ च्या जवळ. हेलिसिटी आणि ती सरळ रेष ६४ ला ०.९ च्या किंचित पुढे छेदतात, ३२ ला आणखी उजवीकडे.

क्यू ६: ०.८ ला कंकण आलं! मेट्रोपोलिसने अर्धंच भरत होतं, मोहरीताईंचा वोल्फ लावल्यावर पूर्ण झालं. ०.५ ला ठिपका. मॅडमनी कंकणाकडे बराच वेळ बघितलं आणि क्यू ४, ५ आणि ८ करून आण म्हणाल्या. आडव्या अक्षावर तापमान, उभ्यावर क्यू. ८ ला डावा उंचवटा बराच खाली सरकला, उजवा जागेवरच. ५ चं अजून चालू आहे, तिथे दोन्ही एकमेकांत मिसळल्यासारखे दिसतायत.

४ ला मात्र दोन नाहीत. एकच, आणि टोकदार, जाळी वाढवली की उंच होत जाणारा. १.१३ ला. हे बरोबर आहे का?

शून्यकोन

बरोबर. ८ चा खाली सरकतो कारण डावं संक्रमण साधारण क्यूच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतं. क्यू अनंत केलास की ते शून्यावर पोचतं आणि उरतं ते एक्स-वाय.

४ साठी तुझा आयझिंगचा जुना आकडा काढ. चार दिशांचा स्पिन ४५ अंशांनी फिरवून बघितलास तर तो दोन स्वतंत्र आयझिंग स्पिनचा बनलेला दिसतो, प्रत्येकाच्या जोडाची ताकद निम्मी. ऑन्सागरने १९४४ मध्ये काढलेलं २.२६९ भागिले दोन.

अबोली

१.१३४५. माझं टोक १.१३ आणि १.१४ च्या मधे आहे.

चौकट

५ ला जाळी १२८ घे आणि तापमानाची पायरी ०.०१ ठेव. तिथला पट्टा फार अरुंद आहे.